बाटलीतला शेवटचा स्फटिक

"काका, तुम्हीच करा. माझ्याच्याने नाही व्हायचं," धाकटी म्हणाली आणि काचेच्या दोन पट्ट्या तिने माझ्या पुढ्यात सरकवल्या.

खालच्या पट्टीवर माझ्या बायकोच्या हातचा स्फटिक होता, साखरेच्या दाण्याएवढा. त्याची भुकटी करायची होती.

धाकटी तिची शेवटची विद्यार्थिनी. नावही हिनेच पाडलेलं. ही गेल्यापासून प्रयोगशाळेत तसा स्फटिक कुणालाच जमला नाही. द्रावण तेच, बाटली तीच, तरी दरवेळी निराळ्याच घडणीचे स्फटिक येत. हिच्या स्फटिकांचे कण बीज म्हणून टाकून पाहिले, तेही विरघळले. हिच्या बाटलीत एवढा एकच उरला होता. मी इथे यंत्रं थंड ठेवतो. द्रव नायट्रोजन भरतो, तापमान बघतो. रसायन हिचं. स्फटिक वाढत असताना कुणी कपाटाचं दार आपटलं, की अख्ख्या खोलीला हिची बोलणी बसत.

हिचं म्हणणं होतं, या रेणूतला एक हायड्रोजन ऑक्सिजनजवळ नाही, नायट्रोजनजवळ बसलाय. नियतकालिकाच्या परीक्षकांनी हिचा लेख परत पाठवला: दाखवा. क्ष-किरणांना दिसतात ते इलेक्ट्रॉन, आणि हायड्रोजनकडे असतो एकच. "तोही शेजाऱ्याकडे ओढलेला," ही म्हणायची. "असून नसल्यासारखा. तुम्ही माझ्या माहेरी असता तसा."

इलेक्ट्रॉनांच्या झोतात तो जरा ठळक दिसतो. पण झोताला अगदी बारीक कण लागतात, आणि ते बघता बघता खराब होतात.

"नाहीच दिसला तर?" मी विचारलं.

"तर बाईंचा लेख पडून राहील."

"आणि ऑक्सिजनजवळ निघाला तर?"

"काका, आधी दाबा तरी."

मी वरची पट्टी दाबली. बारीकसा कच्च आवाज झाला. काच पांढुरकी दिसू लागली.

धाकटीने भुकटी सूक्ष्मदर्शकात चढवली आणि झोत सोडला. पडद्यावर एकेका कणाचे ठिपके उमटले आणि विझत गेले.

"हा गेला. हाही गेला. थंडी बरोबर आहे ना?"

"काटा हललेला नाही," मी म्हणालो आणि पुन्हा काटा बघितला.

एक कण टिकला. मग आणखी काही. ती संगणकापाशी बसली. मी उगाच टेबल पुसत राहिलो. ही चुकली असेल, तर हिची बाजू मांडायला आता कोण होतं? मला तो लेख धड वाचताही येत नव्हता.

"काका, या इकडे."

पडद्यावर नकाशासारख्या रेघा होत्या. धाकटीने बोट ठेवलं. "हा नायट्रोजन. आणि हा उंचवटा बघा, हा हायड्रोजन."

"जवळ आहे?"

"चिकटून आहे. बाई म्हणाल्या तिथेच." तिने बाहीने डोळे पुसले. "त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, नाचू नकोस, पुन्हा मोज."

"मोज मग."

ती नाक ओढत पुन्हा मोजायला बसली.

मी रिकामी बाटली विसळून कपाटात तिच्या जागी ठेवली. मग दार दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच लावलं.