वाढत्या मापाचं धनुष्य

मेव्हणीची ही धनुष्यखरेदी टळली तर सगळ्यांत मोठा फायदा भाऊजींचा होता. बैठकीच्या खोलीत खुंटीवर तीन वर्षं लटकलेलं त्यांचं कंपाउंड धनुष्य, काळंभोर, दोन्ही टोकांना चाकं असलेलं, एकदाचं घराबाहेर गेलं असतं. मेव्हणीला भेट दिल्याचं पुण्य पदरात पडलं असतं. आणि ‘काय हो, ओढता का कधी?’ हा पाहुण्यांचा प्रश्न कायमचा मिटला असता. त्या प्रश्नावर भाऊजी ‘खांदा जरा धरलाय’ म्हणत, आणि ताई, म्हणजे त्यांची बायको, चहाचे कप ठेवता ठेवता ‘तीन वर्षं धरलाय, सोडायचं नाव नाही’ अशी पुस्ती जोडे. पाहुणे हसत. भाऊजीही हसत, पण जरा उशिरा.

खांदा खरा गेला होता तो धाकटीचा. ताईची ही बहीण केस कापायचं काम करी आणि नुकतीच दुसऱ्याच्या पार्लरमधून उठून स्वतःच्या दुकानात उभी राहिली होती. मागच्या वर्षी उजवा खांदा निखळला, बसवला, बरा झाला. डॉक्टर म्हणाले, धनुर्विद्या शिका खुशाल, पण ओढायला हलकं धनुष्य घ्या. पुन्हा निखळला तर शस्त्रक्रिया, आणि मग कित्येक महिने कात्री विसरा. तेवढे महिने नव्या दुकानाला कोण थांबतंय? गिऱ्हाइकाचे केस काही डॉक्टरला विचारून वाढत नाहीत.

म्हणून तिघं धनुष्यांच्या दुकानात आली. भाऊजींनी खांद्याला लांब पिशवी अडकवली होती. दुकानवालीचा एक हात प्लास्टरमध्ये होता. ‘जिन्यावरून पडले, धनुष्यावरून नाही,’ असं तिनं कुणी विचारायच्या आतच सांगून टाकलं. एका हातानं टेप धरून तिनं धाकटीचे पसरलेले हात मोजले आणि बजावलं की धनुष्य हाताच्या मापाचंच हवं, आणि दोरीवर बाण नसेल तर ओढायचंच नाही. बाणाशिवाय दोरी सुटली तर बाणात जायचा सगळा जोर धनुष्यातच शिरतो आणि त्याच्या चिरफळ्या उडतात, त्याही तोंडाजवळ.

भाऊजींनी पिशवी उघडली. दुकानवालीनं धनुष्य पाहिलं, मग भाऊजींचे हात पाहिले, आणि हे नक्की कुणाच्या मापाचं म्हणून विचारलं.

ताईला राहवलं नाही. तिच्या सासरी सगळंच वाढत्या मापाचं घेतात, हे तिनं खुलासेवार सांगितलं. शाळेच्या बुटात पुढे कापूस, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या. त्याच हिशेबानं चाळिशीत यांनी धनुष्य घेतलं, एक माप लांब आणि ओढायला इतकं जड की दोन वर्षांनी पेलावं. हात काही वाढले नाहीत.

भाऊजींनी तरीही मुद्दा सोडला नाही. हलकं घेतलं तर वर्षभरात बदलावं लागेल, म्हणजे एकाच कामाचा दुप्पट खर्च. दुकानवाली मागच्या कपाटातून छोटं धनुष्य आणायला वळली. तेवढ्यात भाऊजींनी स्वतःचं धनुष्य धाकटीच्या हातात दिलं, दोरी धरायचा खटक्याचा पट्टा तिच्या मनगटाला बांधला आणि म्हणाले, ‘बाण नको लावू. नुसतं ओढून बघ.’

धाकटी हट्टी. तिनं धनुष्य वर उचललं, कमरेतून झोका दिला आणि दोरी खेचली. चाकं फिरली. दोरी पार कानामागे गेली आणि ओझं एकदम हलकं झालं. पूर्ण ओढल्यावर ही धनुष्यं अशीच नरमतात. तीन वर्षांत ती चाकं कधी एवढी फिरलीच नव्हती.

‘जमलं की,’ धाकटी म्हणाली. मग परत सोडायला गेली, तर चाकं किंचित उलटी फिरताच सगळं ओझं परत आलं आणि हिसक्यानं हात पुढे गेला. तिनं कसाबसा तो मागे आणला.

‘ताई, खांदा,’ ती हळूच म्हणाली.

दुकानवाली कपाटापाशीच वळली. ‘बोट खटक्यावरून काढ. मागे ठेव. श्वास घे.’ आवाज शांत होता, चेहरा नव्हता. ‘भाऊजी, माझा हात कामाचा नाही. तुम्ही तिचं मनगट धरा, ओढ आपल्या अंगावर घ्या आणि हळूहळू पुढे जाऊ द्या.’

भाऊजी हलले नाहीत. धाकटीचं कोपर थरथरायला लागलं, कपाळावरून घाम भुवईत उतरला. दोरी सोडली तर तोंडाशी चिरफळ्या, न सोडली तर खांदा.

‘अहो, धरा ना!’ ताई ओरडली.

‘मला पेलणार नाही,’ भाऊजी म्हणाले. ‘मला हे कधी ओढताच आलेलं नाही. एकदाही नाही. खांद्याला काही झालेलं नव्हतं.’

ताईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पर्स खाली टाकली आणि म्हणाली, ‘मग दोघं धरू. तुम्ही मनगट, मी कोपर.’

दोघांनी धरलं. दुकानवाली मोजल्यासारखं ‘आता, आता, हळू’ म्हणत होती. चाकं उलटी फिरली, ओझं आलं आणि ते भाऊजींच्या हातातून सरळ त्यांच्या खांद्यात घुसलं. ते कण्हले, पण त्यांनी सोडलं नाही. दोरी जागेवर आली. धाकटी खाली बसली आणि उजवा हात गोल फिरवून पाहिला. एकदा. पुन्हा एकदा. फिरत होता.

तिनं छोटं धनुष्य घेतलं, स्वतःच्या मापाचं, ओढ हवी तशी वाढवता येणारं. पैसे तिनंच दिले, आणि दुसऱ्या दिवशी दुकान वेळेवर उघडलं.

जुनं धनुष्य आपल्या खुंटीवर परत आलं. त्या आठवड्यात पाहुणे आले, नेहमीचा प्रश्न आला. भाऊजींचा हात गळ्यात बांधलेला होता. या वेळी खांदा खरोखर धरला होता. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, पण ताईच आधी बोलली, ‘खांदा धरलाय त्यांचा.’

पाहुणे पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. ताईनं कप ठेवले आणि आत गेली.

तेव्हा हिशेब असा: धाकटीनं पैसे दिले, भाऊजींनी खांदा दिला, आणि ताईनं घरातला सगळ्यांत चांगला विनोद सोडून दिला.