तात्यांचा आकडा

हातावर हात ठेवून ती तात्यांची छाती दाबत होती. कोपरं ताठ, ओठांवर मोजणी चालू. उशाशी लावलेल्या मॉनिटरवरचा हिरवा आलेख दोनदा उसळला, आता सावरतोय असं वाटलं, आणि आडवा झाला. लांबलचक शिट्टी वाजू लागली. काचेपलीकडे बसलेल्या मास्तरांनी बटण दाबून ती बंद केली.

"थांब आता," ते माईकवर म्हणाले. "संपलं."

ती लगेच थांबली नाही. आणखी थोडा वेळ दाबत राहिली. मग बाजूला झाली आणि तात्यांच्या अंगावरची विस्कटलेली चादर नीट केली.

आता तात्या रबराचे होते, हे काय कुणाला सांगायला हवं? आत मोटारी आणि नळ्या. पण ते श्वास घेत, खोकत, कधी कधी त्यांना घामसुद्धा फुटे. नर्सिंगच्या मुलींनी खऱ्या माणसाला हात लावण्याआधी त्यांच्यावर हात बसवावा, म्हणून त्यांना आणलेलं. आजार दर वेळी वेगळा, तात्या तेच. बाकीच्या मुलींच्या हातून ते सुरुवातीला एखाददोन वेळा जात, मग वाचायला लागत, आणि गेले तरी कुणी मनाला लावून घेत नसे. हिच्या हातून मात्र ते एकदाही वाचले नव्हते.

दाराबाहेर मुली आपापल्या पाळीची वाट बघत उभ्या होत्या.

"गेले का गं?"

"जाणारच! यमाची मेहुणी आत गेली होती ना!"

हशा पिकला. एरवी तीही हसली असती. आज तिने हातमोजे काढून टोपलीत टाकले आणि ती सरळ मेट्रनबाईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"बाई, मी शनिवारी चाललेय. कायमची. दादा न्यायला येतोय. त्याच्या दुकानात बसेन."

"कसलं दुकान?"

"रंगाचं," ती म्हणाली. "तिथे कुणी मरत नाही."

मेट्रनबाईंनी कारण विचारलं नाही. ते त्यांना ठाऊक होतं. तात्यांवरच्या सुरुवातीच्या सरावानंतर वॉर्डात मिळालेल्या तिच्या पहिल्याच पाळीला एक आजोबा तिच्या डोळ्यांदेखत गेले होते. आपला हातच वाईट, हे तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलं होतं, आणि तात्या ते रोज पक्कं करत होते.

ती गेल्यावर बाई उठल्या आणि काचेमागच्या खोलीत शिरल्या.

"मास्तर, एकदा जगवा हो त्यांना. तुमच्या हातात आहे."

"ते माझ्या हातात नाही, हीच तर सगळी खुबी आहे," मास्तर म्हणाले. तात्यांचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता. हाडाचे प्रोग्रॅमर, पण समोर दिसेल त्याला समजावून सांगायची सवय, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. "हे बघा, संगणक शून्य ते शंभरमधला एक आकडा काढतो. कुठलाही. सगळ्या आकड्यांना सारखी संधी, कुणाचा वशिला चालत नाही. दुसरीकडे एक रेघ असते, मुलगी बरोबर करत गेली की ती वर सरकते. आकडा रेघेच्या खाली पडला तर तात्या वाचले. वर पडला तर गेले."

"आणि सगळंच बरोबर केलं तर?"

"रेघ पंच्याण्णववर थांबते. तुम्हीच म्हणाला होतात, शंभरवर नेऊ नका. सगळं नीट करूनही माणूस जातो, हे पोरींना इथेच कळू दे."

"म्हणाले होते," बाई पुटपुटल्या. "पण ते एकटीच्या राशीला येईल हे मला काय माहीत!"

"असं होतं कधी कधी. आकड्यांना कुणाचं काही पडलेलं नसतं, बाई."

"मला पडलंय ना! चांगली पोरगी हातची जातेय. बघा तरी एकदा काय ते."

मास्तर बघतो म्हणाले, पण तोंड वाकडं करूनच. आकड्यांत लबाडी करायची म्हणजे त्यांना ताटात माशी पडल्यासारखं वाटे. नुसतं बघायला काय जातंय, म्हणून त्यांनी त्या मुलीच्या सगळ्या खेपा पडद्यावर उघडल्या.

पहिल्या खेपेला आकडा अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या खेपेला अठ्ठ्याण्णव. तिसऱ्याही. मास्तर खुर्चीत पुढे सरकले. दशांश चिन्हापुढचे आकडेसुद्धा तेच होते, शेवटपर्यंत.

संगणक काही फासे टाकत नाही. त्याला सुरुवातीला एक बीज द्यावं लागतं, कुठला तरी आकडा, आणि त्यातून तो पुढचे आकडे काढत जातो. बीज तेच, तर पीकही तेच. प्रोग्रॅम तपासताना पुन्हा पुन्हा तेच आकडे मिळावेत म्हणून मास्तरांनी मुलीचा हजेरी क्रमांकच बीज म्हणून दिला होता. नंतर तो काढून तिथे घड्याळातली वेळ घालायची होती. ते राहूनच गेलं. म्हणजे प्रत्येक मुलीला दर खेपेला तिचा तिचा एकच आकडा मिळत होता. बाकीच्यांचे आकडे खालचे, त्यामुळे जरा हात बसला की तात्या वाचत. आणि जिचे तात्या वाचतात ती कशाला तक्रार करेल? हिच्या वाट्याला अठ्ठ्याण्णव आला होता, जिथे कुणाचीच रेघ पोचत नाही.

ओळ दुरुस्त करायला वेळ लागला नाही. गप्प बसले असते तरी कुणाला कळलं नसतं. उलट, मुलीचे दिवस पालटले असं सगळे म्हणाले असते. मास्तर हनुवटी खाजवत बसले, मग उठले आणि तिला बोलावून आणलं.

तिने सगळं उभ्यानेच ऐकलं.

"म्हणजे तुमच्यामुळे?"

"माझ्यामुळे."

"मला झोप लागत नाहीये, मास्तर! आईला फोनवर रडून सांगितलं मी, की मी ज्याला हात लावते तो जातो. आणि तुम्ही एक ओळ विसरलात?"

"विसरलो गं. चुकलो."

तिचा राग जरासा उतरल्यावर त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला.

"आकडा यंत्राचा. पण ही रेघ आहे ना, ती तुझी. ही बघ, पहिल्या खेपेची, केवढी खाली. ही त्याच्या नंतरची. आणि या शेवटच्या तिन्ही पंच्याण्णववर. त्याच्या वर ती जातच नाही. वर्गात दुसऱ्या कुणाची इतकी वर गेलेली नाही."

तिने बोट लावून एकेक रेघ पाहिली.

"दुरुस्त केलंत?"

"केलं."

"मग लावा."

या वेळी तात्यांना दम्याचा झटका आला होता. ती घाईत नव्हती. मास्क, इंजेक्शन, उशी उंच, डॉक्टरांना हाक, एकामागून एक सगळं झालं. मॉनिटरवरचा आलेख गडगडला, थबकला, आणि मग ठोके सुरळीत पडायला लागले. तात्या खोकले. बाहेरून टाळ्या वाजल्या.

"अगं बाई, उठले की!" मघाच्याच मुलीचा आवाज होता.

ती काचेमागच्या खोलीत आली ती न हसताच.

"आकडा किती पडला?"

मास्तरांना खोटं बोलायचा मोह झाला. "एकवीस," ते म्हणाले.

"आणि मी हात लावायच्या आधी रेघ कुठे होती?"

"चाळीसवर."

"म्हणजे मी नुसती उभी राहिले असते तरी वाचले असते."

"हो."

ती खुर्चीवर बसली. तिने आपले हात उलटेपालटे करून पाहिले.

"मास्तर, वॉर्डातल्या त्या आजोबांचा आकडा किती होता?"

मास्तरांनी पडदा बंद केला.

"तो कुणाला दिसत नाही गं," ते म्हणाले.

"आणि माझी रेघ? तीपण नाही दिसत?"

"ती दिसते."

आवाज मेट्रनबाईंचा होता; त्या दारात उभ्या होत्या. केव्हा आल्या, ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"त्या दिवशी आजोबांकडे मी धावत आले तोवर तू मास्क लावला होतास," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना हाकही तूच मारली होतीस. मला करायला काही उरलंच नव्हतं. यांच्या यंत्रात ते पंच्याण्णव म्हणतात ना, तिथेच होती तुझी रेघ."

ती खुर्चीतच त्यांच्याकडे वळली.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत, बाई?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला वाटलं, तुला माहीत आहे."

मग मात्र तिला रडू फुटलं. आईला केलेला फोन सोडला, तर आजोबा गेल्यावर ती कुणासमोर रडली नव्हती. आता अगदी लहान मुलासारखी रडली, नाक ओढत. मास्तर उगाच वायरी तपासायला खाली वाकले. बाईंनी तिला गप्प बस म्हटलं नाही. दुसरी खुर्ची ओढून त्या तिच्या शेजारी बसल्या, आणि दार वाजवणाऱ्या पुढच्या मुलीला हातानेच थांबायला सांगितलं.

"दादाला काय सांगू?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"येऊ दे की त्याला शनिवारी," बाई म्हणाल्या. "तुझी ड्युटी संपेपर्यंत बसेल बाहेर."