वायपरची मोटर आणि माझं मौन

सकाळची आंघोळ झाली की मी बोलत नाही. पोथीचा त्या दिवसाचा अध्याय मनातल्या मनात वाचून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही आणि खुणाही करायच्या नाहीत. चातुर्मासातलं हे व्रत मी अकरा वर्षांपासून धरते. खुणा म्हणजे बिनआवाजाचं बोलणंच, असं सासूबाई सांगायच्या.

दीड वर्षापासून दुसरं एक मागे लागलं आहे, ते मी धरलेलं नाही. आठवड्यातून दोनदा गडचिरोलीला जायचं, हातात जाड सुया टोचून घ्यायच्या आणि चार तास मशीनला लागून रक्त धुऊन घ्यायचं. पाणी मोजून प्यायचं, तीर्थसुद्धा चमचाभरच. डायलिसिसची एक पाळी चुकली की पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. ह्यांनी जुनी कार घेतली ती त्यासाठीच. एसटीत उभं राहायची ताकद आता माझ्यात नाही.

मागच्या पाळीहून येताना जंगलाच्या पट्ट्यात पाऊस कोसळला आणि वायपर काचेच्या मध्यावर थांबला. ह्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून घरापर्यंत गाडी आणली. दोन दिवस खोकत होते.

आज पुन्हा पाळी, अकराची. पाऊस पहाटेपासून लागलेला. तान्ह्या पोळ्याचा सण असल्यामुळे आरमोरीतलं गॅरेज बंद, आणि शेजारच्या डोमाभाऊंची गाडी चिमूरला गेलेली. म्हणून हे सहा वाजल्यापासून टिनाच्या शेडमध्ये बोनेट उघडून बसले होते. मी समोर ओट्यावर पोथी घेऊन.

त्यांनी आधी फ्यूज पाहिला, तो चांगला निघाला. तरी हॉर्नचा काढून तिथे लावून पाहिला, काही झालं नाही. मग मोटर खोलून काढली आणि दोन तारा बॅटरीला जोडून जमिनीवरच चालवून पाहिली. फिरली. खूश होऊन त्यांनी ती परत जागेवर बसवली, बटन दाबलं, आणि पुन्हा मुकी. प्लगला बल्ब लावला तर बल्बही पेटला.

"करंट येऊन राह्यला, मोटर चांगली आहे, मंग काऊन नाई फिरत?" ते मोटरलाच विचारत होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू तर आत्ता बोलणार नाई. देवही नाई बोलत."

मग बटन चालू ठेवून ते आत स्टिअरिंगखाली डोकं घालून बसले. उघड्या बोनेटमुळे त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. मोटर ज्या लोखंडी पट्टीने गाडीला बसते, त्या पट्टीवर त्यांचा पाना राहिला होता. तो घसरला, त्याचं एक टोक पट्टीला आणि दुसरं गाडीच्या पत्र्याला टेकलं, आणि मोटर फिरली. दोन फेरे. मग हादऱ्याने पाना खाली पडला आणि मोटर थांबली. टिनावर पाऊस वाजत होता, आत काही ऐकू गेलं नसावं.

मला कळलं. लोखंडाला लोखंड लागलं तेव्हा फिरली, सुटलं तेव्हा थांबली. गेल्या आठवड्यात ह्यांनी मोटर काढून तिथला गंज खरवडून, देवळाच्या दाराचा उरलेला ऑइलपेंट दोन हात मारला होता. डबा मीच काढून दिला होता. पट्टी रंगावर बसली होती; नटापुरती पत्र्याला लागत असेल तीही हादऱ्यांनी सुटली, आता लागतच नव्हती.

अध्यायाच्या विसेक ओव्या राहिल्या होत्या. पाच मिनिटांचं काम. वाचल्या की बोलायला मोकळी. पण मी पान उलटलं नाही. त्याच ओवीवर नजर ठेवून बसले. आठ वाजले, साडेआठ झाले. नऊला निघावं लागतं. गाडी झाली नाही तर आज सुया नाहीत, तो वास नाही, बाजूच्या खाटेवरच्या बाईचं कण्हणं नाही. मी काही केलं नाही, मी तर व्रतात होते. इतकं सोपं होतं ते.

नऊला पाच कमी असताना ह्यांनी हात पुसले आणि धानाच्या पोत्यांवरची प्लास्टिकची ताडपत्री ओढून आणली. ती माझ्या खांद्यावर धरून माप घेतलं, कात्रीने गळ्यापुरतं भोक कापलं.

"मोटरसायकलनं जाऊ," म्हणाले. "तू मागं डोकं माझ्या पाठीले लावून बस. पाऊस मले लागन, तुले नाई."

पासष्ट वर्षांचा माणूस. खोकला अजून गेला नव्हता. ते मोटरसायकल काढायला वळले.

"थांबा," मी म्हणाले.

ते जागीच थबकले. चातुर्मासात पोथी उघडी असताना माझा आवाज त्यांनी अकरा वर्षांत ऐकला नव्हता.

"मोटरच्या पट्टीखालचा रंग खरवडा. पत्र्याले लागून नाई राह्यली ते."

ते काही न विचारता वाकले. नट काढला, चाकूने रंग खरवडला, पांढरं लोखंड दिसेपर्यंत. नट कसला, बटन दाबलं. दोन्ही वायपर कोरड्या काचेवर करकरत फिरले.

त्यांनी बटन बंद केलं. मग म्हणाले, "तुले ठाऊक होतं?"

"हो."

"व्रत होतं म्हणून नाई बोलली. असू दे."

तेवढ्यावर सोडता आलं असतं. पोथी मांडीवर उघडीच होती.

"व्रतासाठी नाई," मी म्हणाले. "मले जायाचंच नव्हतं."

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने हात पुन्हा पुसले, पुसलेलेच. काचेवरची रंगाची पूड पुसली. खोकले.

"मंग? नाई जायाचं का आज?"

त्यांनी रागाने नाही, खरंच विचारलं. नाही म्हटलं असतं तर त्यांनी बोनेट लावून गाडी झाकली असती, हे मला कळत होतं.

"गाडी काढा," मी म्हणाले. पोथी फडक्यात बांधली आणि चपला शोधू लागले.