माडबंदरावरचे तीन घाव

बोटीच्या यंत्रात बिघाड झाला, म्हणून कप्तानाने माडबंदराच्या खाडीत नांगर टाकला. संध्याकाळपर्यंत बोट हलणार नव्हती. ज्यांना गाव बघायचं असेल त्यांनी पडावातून किनाऱ्यावर जावं, भोंगा झाला की परत यावं, असं सांगण्यात आलं.

बोदवडचे कापूस-जिनिंगवाले ज्ञानचंद, त्यांची बायको लाडकुंवर आणि घरकामाला असलेली दिवालीबाई असे तिघे उतरले. गोव्यापर्यंतची ही सहल ज्ञानचंदांनी बायकोसाठीच काढली होती. तरुण मुलगा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. दिवालीबाई सातपुड्याच्या पायथ्याची, विशीतली पोर. तिने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, पाण्यात शिरून ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली.

"अक्का, बठ्ठं पानी खारं शे!"

लाडकुंवर हसली. ज्ञानचंदांनी ते पाहिलं आणि ते नारळवाल्याला शोधायला वर देवळाकडे गेले.

वाळूत होड्या ओढून ठेवल्या होत्या. कोळणी जाळी दुरुस्त करत होत्या. आदल्या दिवशी गावच्या कोळ्यांनी एका ट्रॉलरची जाळी कापली होती, हे या पाहुण्यांना कुठून माहीत असणार? ट्रॉलरवाल्यांची माणसं माडांतून धावत आली तेव्हा त्यांच्या हातांत कोयते होते आणि रॉकेलचे डबे. पहिली होडी भडकन पेटली. गावकरी वल्ही घेऊन धावले. एका म्हाताऱ्याचा हात मनगटाखाली लोंबताना लाडकुंवरने पाहिला. ज्ञानचंद वरून ओरडले, "लाडू, इकडे ये! देवळात ये!" आणि गर्दीच्या रेट्याने आत ढकलले गेले. मागे दार लागलं.

दिवालीबाई पाण्यातून पळत होती. खोचलेलं लुगडं बघून एका दांडग्या माणसाला ती गावातलीच कोळीण वाटली. त्याने तिचे केस धरले, तिला ओल्या वाळूतून फरफटत नेलं आणि कोयता उचलला.

लाडकुंवर दिवस मावळल्यावर जेवत नसे. चालताना मुंगी चुकवत असे. तिने पायाशी पडलेलं वल्हं दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या मानेवर हाणलं. कोयता निसटला. तो गुडघ्यांवर आला, तेव्हा तिने कानावर हाणलं. तो पालथा पडला, त्याचं तोंड पाण्यात गेलं. ती आणखी पुढे सरली आणि डोक्याच्या मागे तिसरा घाव घातला. वल्हं कडाडलं.

"अक्का, बस! मरी जाई तो!" दिवालीबाईने तिच्या कमरेला मिठी मारली.

त्याच्या सोबत्यांनी त्याला पायांना धरून ओढत नेलं. पाणी लाल झालं होतं. तो श्वास घेत होता की नाही, कुणालाच कळलं नाही.

पोलीस आले तेव्हा होड्यांचे सांगाडे धुमसत होते. कोळणींनी लाडकुंवरला मध्ये घेतलं, तिचं लुगडं धुतलं आणि भोंगा होताच तिला पडावात बसवलं. कुणी तिचं नाव विचारलं नाही.

बोटीवर दिवालीबाईने घडलेलं सांगितलं, तसे ज्ञानचंद लाडकुंवरशेजारी येऊन बसले. "दार उघडत नव्हतं गं. मी खूप ढकललं," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "नाइलाज होता तुझा. पोरीला मारलंच असतं त्याने."

"पहिला घाव नाइलाजाचा होता," लाडकुंवर म्हणाली. "कोयता तेव्हाच पडला होता. मी पाहिलं होतं."



चातुर्मासात बोदवडला जैन साध्वी आल्या. लाडकुंवरने त्यांच्यापुढे सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून दिलेले उपवास तिने केले. दिवालीबाई उकळून गार केलेलं पाणी तिला आणून देत असे. एका दुपारी पेला पुढे धरून ती म्हणाली, "अक्का, तो जगना व्हई का?"

"जगला असावा, असं रोज मागते मी," लाडकुंवर म्हणाली. "आणि डोळे मिटले की तो उठून तुझ्याकडे येतो. मग मी पुन्हा वल्हं उचलते."

दिवालीबाई तिच्याजवळ टेकून बसली. पाणी पिऊन होईपर्यंत तिने लाडकुंवरचा हात सोडला नाही.