एका तिकिटात चार पिक्चर

श्रीमंतरावांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी गच्च धरली. पडद्यावरची गाडी पुलाच्या कठड्यावरून उडाली, हवेत गरगर फिरली आणि पलीकडच्या रस्त्यावर चारी चाकांवर उतरून तशीच सुसाट सुटली. थिएटरात शिट्ट्यांचा नुसता कल्ला.

"आरं, हा मघाशी मेलता ना?" त्यांनी शेजारच्या पोराला विचारलं.

"तो पहिल्या पिक्चरात मेला, काका. हा दुसरा हाय. ह्याच्यात जिता निघतोय."

घ्या! मेलेला जिता निघतो, कालचा दुष्मन आज मेव्हणा होतो, चोऱ्या करणारा जेवायच्या आधी हात जोडतो. कुणाला चांगलं म्हणावं? आणि श्रीमंतरावांना आज नेमकं तेच ठरवायचं होतं. शेजारी बसून शिट्ट्या मारणारा हा आदिनाथ म्हणजे धाकट्या लेकीला, आरतीला आलेलं स्थळ. पोराला याचा पत्ताच नव्हता.

"रविवारी पोरगा नांदेडात दिवसभर पिक्चर बघणार हाय. एका तिकिटात चार, सगळे गाड्यांच्या शर्यतीचे. गुपचूप शेजारी बसा न् पारखा," असं मध्यस्थ गुरुबसप्पानं सांगितलं होतं. निरोप आजच द्यायचा होता. म्हणून श्रीमंतराव औशाहून पहाटेच निघून आले होते.

थोरल्या पुनमच्या लग्नाच्या वेळी त्यांनी देगलूरला जाऊन शेत पाहिलं, विहिरीचं पाणी पाहिलं. नवरामुलगा तेवढा पाहायचा राहिला. वर्षाच्या आत ती सुजलेला गाल घेऊन माहेरी आली, तर "घे बाई सांभाळून" म्हणत त्यांनी स्वतःच तिला परत पोचवली. आता कधीही फोन केला की तिचं एकच, "मी बरी हाय, आबा. तुम्ही येऊ नका."

या खेपेला चुकायचं नव्हतं. पण पारखायचं कसं? पोरगा खुर्चीवर उभा राहून ओरडायला लागला की त्यांचा जीव धसकायचा. मध्यंतरात न सांगता त्यांच्यासाठीही चहा घेऊन आला, तेव्हा तोच लाख माणूस वाटला. डोक्याचा पार भुगा झाला.

तिसऱ्या पिक्चरात हिरोला बहिणीचा फोन आला. मी मजेत आहे, तू येऊ नकोस, म्हणाली. हिरोनं फोन ठेवला आणि भर रस्त्यात गाडी गर्रकन वळवली.

"आता हा कुठं निघाला?"

"बहिणीला आणायला."

"पण ती तर मजेत हाय म्हणली की! येऊ नको म्हणली!"

आदिनाथनं पडद्यावरची नजर काढून पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट पाहिलं.

"येऊ नको म्हणल्यावर तर जावंच लागतंय की, काका."

पुढं पडद्यावर काय चाललंय ते श्रीमंतरावांना दिसेचना. ते चाचपडत उठले.

"काका, चौथा ऱ्हायलाय अजून!"

"तू बघ, बाबा."

स्टँडवर पोचेपर्यंत गुरुबसप्पाचा फोन आलाच.

"कसा वाटला पोरगा?"

"बरा हाय. पण आरतीचं मागून बघू."

"मागून? आवो, त्यांना आजच सांगायचंय!"

श्रीमंतरावांनी फोन खिशात घातला. घराकडं जाणारी लातूरची गाडी समोरच लागलेली होती. तिला वळसा घालून ते देगलूरच्या गाडीत चढले.

"एक देगलूर," ते कंडक्टरला म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "येताना लेकीला बायकांचं हाफ तिकीटच लागतंय ना?"

कंडक्टरनं शेजारच्या रिकाम्या सीटकडं पाहिलं.

"लेक कुठाय?"

"आणायलाच निघालोय."