दीड हातावरची लेन्स

मी लेन्स बोलतेय. कॅमेरा नव्हे, नुसती लेन्स. कौतुक कॅमेऱ्याचं होतं, पण बघण्याचं काम माझं असतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझी उंची चार बोटं. अंग धातूचं, पोटात सहा काचा. पुढच्या काचेवर तांदळाच्या कणीएवढा ओरखडा आहे. मला झूम नाही, म्हणजे लांबचं ओढून जवळ आणता येत नाही. जवळ जायचं तर माणसानं आपल्या पायांनी जायचं. फोकसही आपोआप लागत नाही, माझं कडं हातानं फिरवावं लागतं. हे मी दोष म्हणून सांगत नाही, स्वभाव म्हणून सांगते. गुण एकच, पण भक्कम: मला थोडका उजेड पुरतो.

ज्या कारखान्यात मी जन्मले, तिथे काचा बसवणाऱ्या बाईला साधी सर्दी झाली तरी घरी पाठवत. एक शिंक म्हणजे दिवसभराचं काम वाया. इतक्या निगुतीनं जन्माला आलेल्या माझ्या वाट्याला पहिली एकोणीस वर्षं फक्त चेहरे आले. माझा पहिला मालक स्टुडिओवाला होता, ओळखपत्रांचे फोटो काढायचा. "हनुवटी खाली. आणखी थोडी. हसू नका." माणसं खुर्चीत बसली की श्वास रोखून धरत आणि फोटो हातात आला की म्हणत, "यात मी नीट आलो नाही." गिऱ्हाईक जिना उतरून गेल्यावर स्टुडिओवाला पुटपुटायचा, "नीटच आलायत. मूळ प्रतच तशी आहे."

पुढे त्यानं नवा कॅमेरा घेतला आणि मला खणात टाकलं. खणात किल्ल्यांचा जुडगा होता, ओरखडा त्याची आठवण. सहा वर्षांत काचेच्या कडेला बुरशी धरली. शेवटी स्टुडिओ बंद करताना त्यानं मला जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात विकलं. तिथल्या कारागिरानं मला उघडलं, पुसलं, पुन्हा बंद केलं. माझ्यावर चिठ्ठी लागली: 'जुनी. चालू.' दोनच शब्द, पण खरे.

दुकानाच्या कपाटातून मी हौशी माणसं पुष्कळ पाहिली. खिसा लहान असलेला माणूस आधी किमतीची चिठ्ठी बघतो, मग वस्तू, मग पुन्हा चिठ्ठी. मग विचारतो, "यातली सगळ्यात चांगली कुठली?" आपण फोटो कशाचा काढणार, हे मात्र दुकानदारानं विचारल्याशिवाय सांगत नाही. आणि दुकानदार कशाला विचारतोय?

एका शनिवारी बाइंडरबाई आली. मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं नव्यानं बांधायचं तिचं काम. वय चाळिशीच्या आसपास, बोटांवर वाळलेली खळ. भाच्यानं तिला आपला जुना कॅमेरा दिला होता, पण त्याची लेन्स पडून फुटली होती.

"दादा, लेन्स हवीय. एकच घेणं जमेल, तेव्हा चुकायला नको," ती म्हणाली.

"काय टिपायचंय, ताई?" त्या दिवशी दुकानदाराला बरी बुद्धी झाली होती.

तिनं सांगितलं. तिच्या शेजारच्या स्टुलावर बसणारे मास्तर येत्या शुक्रवारी निवृत्त होणार होते. पुस्तकाच्या कण्याच्या वरच्या टोकाला रंगीत दोऱ्याची बारीक वीण असते. मास्तरांची वीण चाळीस वर्षांत सुटली नव्हती. हिची तीन महिन्यांत सैल पडायची. नऊ वर्षं शेजारी बसूनही ते तिच्या हाताला येत नव्हतं. मास्तरांना विचारलं की ते म्हणत, "असं. आणि मग असं." तेवढ्यात हात पुढे गेलेला असे. ते 'असं' तिला फोटोत धरून ठेवायचं होतं. शुक्रवारनंतर दाखवणारं कुणी नव्हतं.

दुकानदारानं दोघींना काचेवर ठेवलं. मी, आणि एक नवीकोरी लांबलचक झूम. तिच्यासोबत पिशवी फुकट होती. बाईनं मला उचललं, ओरखडा पाहिला आणि हळूच खाली ठेवलं.

"हिनं मास्तरांची नखंसुद्धा दिसतील का?" तिनं झूमकडे बोट केलं.

"नखांवरचा मळ दिसेल."

"पण खोली लहान आहे. भिंत ते भिंत सहा हात. मी दोऱ्यानं मोजून आणलीय."

"हिला साडेतीन हात पुरतात. आरामात."

हिशोब बरोबर होता. ती झूम घेऊन गेली. मला वाईट वाटलं नाही. काही गिऱ्हाइकं परत यायलाच जातात.

मंगळवारी ती परत आली. पावतीवर सात दिवसांत बदलून मिळेल असं छापलं होतं, म्हणून तिचा आवाज स्थिर होता, चेहरा नव्हता.

"काय झालं, ताई?"

"खोली सहा हातच आहे. पण माझ्या मागे पुस्तकं दाबायचा प्रेस आहे आणि मास्तरांच्या मागे कागदांची मांडणी. मधे उरतात अडीच हात. एवढ्या जवळचं हिला दिसतच नाही, काल दिवसभर सगळे फोटो पुसट. त्यात तळघरात खिडकी एकच. फ्लॅश लावला तर मास्तर सुई खाली ठेवून बसून राहिले."

"काही म्हणाले का?"

"म्हणाले, 'पुठ्ठा मोजलास, कणा विसरलीस. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा एवढं चुकत नाहीत.'"

दुकानदार हसला. मग तीही हसली, नाइलाजानं.

या वेळी तिनं पिशवीतून दोरा काढला. त्याला एक गाठ होती. टोकापासून गाठीपर्यंत दीड हात: तिच्या डोळ्यापासून मास्तरांच्या अंगठ्यापर्यंत. तिनं टोक आपल्या भुवईशी धरलं, गाठ काउंटरवर टेकवली आणि म्हणाली, "दादा, दुकानातले दिवे बंद करा."

"इतर गिऱ्हाइकं आहेत हो."

"दोन मिनिटं. तळघरात गिऱ्हाइकंही नसतात आणि दिवेही."

दिवे बंद झाले. तिनं मला भाच्याच्या कॅमेऱ्यावर चढवलं, मधे एक पातळ जोडकडं लागलं. गाठीशी दुकानदाराची पावतीपुस्तिका ठेवली आणि माझं कडं सावकाश फिरवलं. पुस्तिकेच्या कडेची शिवण टाका टाका मोजता येईल अशी उठून दिसली. ओरखड्याचा मागमूस नव्हता. तो फोटोत येत नाही, हे मी कधीच सांगितलं असतं; मला कुणी विचारलं नव्हतं.

"ही द्या. त्या पिशवीचं काय?"

"जुनीबरोबर पिशवी नाही मिळत, ताई."

"नको. मी शिवीन."

बुधवार सगळा चुकण्यात गेला. थोडक्या उजेडात मी बघते, पण त्याची किंमत आहे: मला एका वेळी पातळसाच पदर स्पष्ट दिसतो. अंगठा स्वच्छ आला की सुई पुसट. बाई कडं फिरवेपर्यंत मास्तरांचे चार टाके पुढे गेलेले असत. दुपारी तिनं कडं फिरवणंच सोडलं. ते गाठीवर ठरवून टाकलं आणि स्वतःच कमरेतून वीतभर पुढे-मागे व्हायला लागली.

"डुलतेस काय? झोप येतेय का?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही हात चालवा, मास्तर."

"माझा चेहरा घेऊ नकोस. चेहऱ्यानं पुस्तक शिवत नाहीत."

एकोणीस वर्षं नुसते चेहरे पाहिलेल्या मला तो माणूस तिथेच आवडला.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत दोनशेच्या वर फोटो झाले. शुक्रवारी सकाळी बाईनं त्यातले अकरा छापून आणले आणि टेबलावर ओळीनं मांडले. सातव्यावर तिचं बोट थांबलं.

"मास्तर, इथे तुम्ही करंगळीनं दोरा मागे ओढून धरलाय. दर टाक्याला."

"छे. करंगळीचं काय काम?"

तिनं आठवा दाखवला, नववा दाखवला. मास्तरांनी चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला, मग आपला डावा हात वर करून ओळख नसल्यासारखा पाहिला. सुई घेतली, एक टाका घातला. करंगळी गेली दोऱ्याकडे, न बोलावता.

"ही कधीपासून असं करतेय?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी काही लपवलं नव्हतं. जे माहीतच नव्हतं ते शिकवणार कसं? उरलेला दिवस ती करंगळी आखडून टाके घालत बसली आणि मास्तर चुकला टाका उसवत बसले. निरोपाचा चहा वरच्या मजल्यावर निवून गेला.

आता मी तळघरातच राहते. बाइंडिंगच्या कापडातून शिवलेली पिशवी आहे, दुकानातल्या फुकट पिशवीपेक्षा घट्ट. भाचा मधूनच म्हणतो, "मावशी, आता नवी घे, हिला विकून टाक." मावशी म्हणते, "तू आधी केस काप."

तुम्हाला माझं एवढंच सांगणं: नवी घ्या, जुनी घ्या, पण दुकानात जाण्याआधी जिथे बसून फोटो काढणार तिथे एक दिवस बसून या. उजेड किती, अंतर किती, समोरचा थांबणारा आहे की नाही, ते बघून या. मग आमच्यातली कुठली घ्यायची हे दुकानदारालाही विचारावं लागणार नाही.

मागच्या महिन्यात मास्तर सहज आले होते. मांडणीवरचे दोन जाड ग्रंथ त्यांनी काढले, कण्याची वीण नखानं ओढून पाहिली. एक त्यांनीच बांधलेला, एक तिचा. दोन्ही हलल्या नाहीत. मग त्यांनी डाव्या हातातला ग्रंथ वर धरला.

"हा माझा."

बाईनं मान हलवली, होकाराची, आणि चहा सांगायला वर गेली.

तो तिचा होता.