दीड पानाचं उत्तर

"आजोबा, यू आर हॅमिल्टन. तिथे उभे राहा," असं म्हणत नात अवनीने अरुणरावांना टीव्हीपाशी नेऊन ठेवलं आणि दहा पावलं मोजत स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. शुक्रवारी शाळेत तिला अमेरिकेतल्या एका द्वंद्वावर बोलायचं होतं. सासवडहून नेदरलँड्समधल्या कापेलला, लेक संपदाकडे दोन महिन्यांसाठी आलेले अरुणराव रिकामेच होते. तालमीला आयते सापडले.

गोष्ट ती इंग्लिशमध्ये सांगत होती, अडलं की डचमध्ये. अरुणरावांनी ती आपल्या परीने जुळवली. साल १८०४. बर हा देशाचा उपाध्यक्ष, हॅमिल्टन माजी अर्थमंत्री. राजकारणातले जुने वैरी. हॅमिल्टन बरबद्दल कुठल्याशा जेवणाच्या वेळी काही वाईट बोलला, असं पेपरात आलं. नक्की काय, ते आलं नाही. बरने चिठ्ठी धाडून खुलासा मागितला. हॅमिल्टनने उत्तरात 'वाईट' या एका शब्दाचे किती अर्थ निघतात, याचा कीस काढला. चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या झाल्या आणि एका सकाळी दोघं पिस्तुलं घेऊन नदीकाठी उभे राहिले. दोन बार झाले. हॅमिल्टनची गोळी झाडाच्या फांदीला लागली, बरची हॅमिल्टनच्या पोटात. दुसऱ्या दिवशी तो गेला.

"आधी गोळी कोणी झाडली?" अरुणरावांनी विचारलं.

अवनीने खांदे उडवले. दोघांचाही एकेक माणूस तिथे हजर होता, पण त्या दोघांनी उलटसुलट सांगितलं म्हणे.

"पण चिठ्ठी आली तेव्हाच सरळ हो किंवा नाही का म्हणाला नाही तो?"

"आय डोन्ट नो. आता पडा ना, आजोबा."

अरुणराव सोफ्यावर पडले ते पडूनच राहिले. पस्तीस वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या निवडणुकीत ते आणि त्यांचा जिवलग मित्र चंद्रहास जगताप एकाच वॉर्डातून समोरासमोर उभे होते. प्रचारात अरुणराव आपल्याबद्दल काही भलतं बोलले, असं चंद्रहासच्या कानावर गेलं. त्याने दोघांचा मित्र विनय याच्या हातून चिठ्ठी पाठवली: बोललास की नाही, एवढंच सांग. अरुणरावांनी दीड पान लिहून पाठवलं, की 'भलतं' म्हणजे काय, हे आधी ठरवू. ते बोलले होते. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. चंद्रहास हल्ली रॉटरडॅमला मुलाकडे असतो, हे संपदाने आल्या दिवशीच सांगितलं होतं. अरुणरावांनी तेव्हा विषय बदलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चंद्रहासचा पत्ता मागितला. संपदा त्यांच्याकडे बघतच राहिली, पण मेट्रोचं कार्ड हातात ठेवून तिने स्टेशनांची नावं लिहून दिली.

दार चंद्रहासनेच उघडलं. सून कामावर गेली होती. तो किती वाळला होता! अरुणरावांनी बूटही न काढता सुरुवात केली.

"चंदू, मी बोललो होतो. तू चिठ्ठीत विचारलंस ना, ते. माफ कर."

चंद्रहास गोंधळला. "मी कुठे विचारलं? चिठ्ठी पाठवून विचारलंस तू. तुझ्याबद्दल बोललो होतो मी. उत्तर द्यायची लाज वाटली म्हणून गप्प बसलो, आणि तू बोलणं टाकलंस."

"अरे, दीड पान लिहिलं मी!"

"मला काही मिळालं नाही बुवा."

शेवटी चंद्रहासने सासवडला विनयला व्हिडिओ कॉल लावला. विनयचं नुसतं कपाळच दिसत होतं.

"कसली चिठ्ठी?" तो म्हणाला. "तुम्ही दोघं भर चौकात तोंडावर भांडलात. माझा सदरा फाटला मधे पडून."

"आधी कोण बोललं?" दोघांनी एकदम विचारलं.

"आता काय सांगू? दोघंही एकदमच ओरडत होतात."

फोन बंद झाल्यावर अरुणराव खुर्चीत बसले. ते कागद, ती निळी शाई, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख होतं. पस्तीस वर्षं जी चूक आपली म्हणून जपली, ती आपली आहे की नाही, हेच कळेना. माफी मागायची की द्यायची?

"मला राग नक्की कशाचा होता रे?" चंद्रहास हळूच म्हणाला. मग चहा झाला, निवडणुकीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून झाली, आणि ती आणखीच बिघडली. अरुणराव निघाले तेव्हा चंद्रहास स्टेशनपर्यंत सोडायला आला. "चौकात नाही, शाळेच्या मागे," असं तो ठासून सांगत होता आणि अरुणराव ते खोडून काढत होते. गाडी आली. बोलणं अर्धवट होतं, म्हणून दोघंही आत शिरले.

दोन स्टेशनं गेल्यावर चंद्रहासचा फोन वाजला. कामावरून परतली तर घरात सासरे नाहीत, म्हणून सून घाबरली होती.

"नीरजा, अगं मी..." त्याने फोनवर हात ठेवला. "अरुण, आपण कुठे चाललोय?"

"माझ्याकडे. जेवायला," अरुणराव म्हणाले, आणि खिशात संपदाची चिठ्ठी चाचपू लागले, कारण उतरायचं कुठे, ते त्यांनाही आठवत नव्हतं.